कावळा लगेच शिवला

गुरुवार, सप्टेंबर. सईकडे, मोहावी वाळवंट.

आज ह्यांची तिथी. एडिसनला माझ्या घरी दरवर्षी घास ठेवून मी खिडकीशी ताटकळत उभी असते, कावळा काही फिरकत नाही. इथे लेकीच्या अंगणात कागदी ताटलीत वरणभात ठेवून वळले मात्र, दोन मोठे काळेभोर कावळे उतरलेच. किती हलकं वाटलं! त्यातला एक म्हणजे हेच, असंही मनात येऊन गेलं.

संध्याकाळी सई कामावरून आली. वाळवंटातली कासवं जगवायची, हे तिचं काम. रिकामी ताटली बघून म्हणाली, "आई, प्लीज, ह्या रेव्हन्सना फीड नको करूस. माणसांचं अन्न खाऊन ते इथे वाढलेत, आणि कासवांची पिल्लं मारतात." रागावली नाही. नुसतं एक कवच माझ्या तळहातावर ठेवलं. लिंबाएवढं. पाठीवर चोचीनं पाडलेलं भोक.

आता ते वहीशेजारीच आहे. मघाशी खिडकीशी धरलं, तर भोकातून मावळतीचं ऊन आलं, केशरी. खूप वेळ बघत बसले. बाहेरची वाळूही तशीच झालेली, आणि तिच्याखाली कुठे कुठे पिल्लं निजलेली असतील.

मग तो घास? ह्यांना पोचला की नाही?

"पोरं जेवली का?" हे विचारल्याशिवाय कधी ताटाला हात लावला नाही ह्यांनी.

पुढच्या वर्षी ताटली बाहेर ठेवणार नाही. थांबतील हे. पिल्लांसाठी नेहमीच थांबायचे.