झऱ्यावरून नेलेली तोफ

४ मे, सोमवार
सकाळी सहाला हजर व्हा म्हणाले. झालो. गाड्या आल्या साडेअकराला. तोवर भोरच्या मैदानाच्या कडेला ट्रंकेवर बसून. कामथडीच्या माझ्या गॅरेजात तीन ट्रॅक्टर खोलून ठेवलेत, मेहुण्याला त्यातलं एकही जमणार नाही. पेरणी तोंडावर, आणि आमच्या राखीव तोफखान्याचा सराव दरवर्षी नेमका मे महिन्यात. काल एक गिऱ्हाईक म्हणालं, "हवालदार, तुमची लढाई दिवाळीनंतर ठेवा की." हसलो. हसण्यासारखं काही नव्हतं.
पंधरा दिवस.

५ मे, मंगळवार
हिर्डोशीच्या वर माळावर तळ. झाड नाही, सावली म्हणजे ट्रकखालची. मेजर साहेबांनी (पुढं नुसतं मे. सा.) बोलावलं. "तू उत्रोलीचा ना? इथलाच. मग वाडीवाल्यांशी तूच बोल." उत्रोली कुठं, हे कुठं. पण गेलो.
धनगरांची चार घरं. म्हशी, शेळ्या. बिरूआबा सगळ्यांत वडीलधारे, सत्तरीच्या पुढचे. त्यांनी आधी झरा दाखवला, मग बसायला घोंगडं टाकलं. घळीच्या कडेला जांभळीखाली पाणी. आबांच्या वडलांनी दगड बसवून कोंडलेलं. मे महिन्यात तासाला दोन हंडे. माणसं, जनावरं, सगळी त्यावरच.
आबा : "गाड्या हितनं न्हाई ना जायाच्या?"
मी : "नाही आबा. माझा शब्द."
कुणाला विचारलं नव्हतं मी. तोंडातून गेलं.

७ मे, गुरुवार
कोरडा सराव. गोळे नाहीत, लाकडाचा एक गोळा आहे, तोच तोफेत घालायचा आणि काढायचा. "फायर" ओरडायचं आणि काहीच होत नाही. सकाळपासून तोफेची जागा तीनदा बदलली. मुरूम असला कडक की कुदळ उडते. माझ्या तोफेवरचा पवार एरवी बँकेत कारकून, त्याच्या दोन्ही हातांना फोड. म्हणाला, "हवालदार, खड्डा खणला की हुकूम येतो, हलवा. आधी हुकूम देऊन मग खणलं तर?" 
एक काम बरं झालं. झऱ्याच्या भोवती चुन्याची फक्की टाकली, चार लाल झेंड्या लावल्या. गाड्यांचा रस्ता लांबून, घळीला वळसा घालून आखून दिला. मे. सा. बघून म्हणाले, ठीक.

९ मे, शनिवार
लिहू नये असं वाटतंय.
बुधवारी मोठे साहेब येणार, म्हणून आज रंगीत तालीम. हुकूम : पंधरा मिनिटांत घळीपलीकडच्या जागेवर तोफा उभ्या पाहिजेत. मी सांगितलं, वळशाच्या रस्त्यानं चाळीस लागतील. मे. सा. नी नकाशा पुढं केला. "झरा कुठंय यात?" नकाशात नव्हता. "मग?"
पहिली तोफ माझी. ड्रायव्हरशेजारी मी. झेंड्यांपाशी ड्रायव्हरनं गाडी थांबवली आणि माझ्याकडं बघितलं. मागं तीन गाड्या हॉर्न देत होत्या.
मी म्हणालो, "सरळ घे."
हे मे. सा. म्हणाले नाहीत. मी म्हणालो.
गाडीची चाकं निघाली, मागं जोडलेल्या तोफेचं चाक दगडात बसलं. पुढं घे, मागं घे, दोर लावा. सगळा कोंडलेला भाग फुटला. पाण्याचा चिखल. बाहेर पडायला पन्नास मिनिटं. वळशानं गेलो असतो तर आधी पोचलो असतो.

१० मे, रविवार
वाडीवर गेलो. आबांची सून सगुणा खालून पाणी आणायला गेलेली. उतरायला अर्धा तास, चढायला एक. म्हशी मोकळ्या हंड्यांना नाक लावत होत्या.
मला वाटलं, आबा शिव्या देतील. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.
"शबुद कुनाचा हुता? तुजा का सरकारचा?"
"माझा."
"व्हय. सरकारचा आसता तर म्या भरवसा ठिवलाच नसता."
एवढंच. मग म्हशीच्या अंगावरच्या गोचिड्या काढत बसले. मी उभाच. थोड्या वेळानं निघालो.

११ मे, सोमवार
मे. सा. कडं झरा नीट करायला सहा माणसं मागितली, दोन तासांसाठी. "बुधवारनंतर." आमच्या टँकरमधून वाडीवर चार पिंपं पाठवली, न विचारता. दुपारी कळलं त्यांना. पाणी तळापुरतंच आहे, पुन्हा द्यायचं नाही असा हुकूम. खरंही आहे ते. आमची अंघोळ शुक्रवारपासून बंद आहे.
घरी फोन लागत नाही. टेकाडावर जाऊन एकदा लागला, बायकोनं उचलला. नंदा म्हणाली, एकानं ट्रॅक्टर खोललेल्या अवस्थेत टेम्पोत घालून दुसरीकडं नेला.

१३ मे, बुधवार
मोठे साहेब आले, वीस मिनिटं थांबले. तोफा पलीकडं नेऊन दाखवल्या. आता झऱ्यावरून रस्ता छान दाबून झालाय, कुठं अडकत नाही. चौदा मिनिटं. साहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, "शाबास, लोकल माणसाचा हाच फायदा."


१४ मे, गुरुवार
दुपारच्या विश्रांतीत पवार आणि अजून दोघं आपणहून आले. दगड काढले, गाळ उपसला. आबा वर बसून सांगत होते, ह्यो आडवा लाव, त्यो उभा. पवारच्या हाताचे फोड फुटले, तरी उपसत राहिला. तासाभरानं पाणी आलं, पण जुन्या जागी नाही. चार हात खाली, बोटाएवढी धार. दगडाच्या कोंडीत येईना.
पवार : "येईल ना आबा हळूहळू?"
आबा : "त्येला ठावं."

१६ मे, शनिवार
तळ हलवायच्या आधी एक कागद लागतो. स्थानिकांचं, जमिनीचं, पाण्याचं कोणतंही नुकसान झालेलं नाही. खाली वाडीवाल्याचा अंगठा आणि आमच्यातल्या एकाची सही. तो एक म्हणजे मीच.
मी म्हणालो, सही होणार नाही.
मे. सा. वाईट माणूस नाही. खुर्ची दिली, चहा दिला. म्हणाले, "तुझं नायब सुभेदारीचं नाव यंदा वर गेलंय, माहितीय ना?" माहिती आहे. वर्दीत अठरा वर्षं झाली. "खरं लिहायचंय तर लिही. अडवत नाही. पण मग सरळ घे कोण म्हणालं, तेही लिही. मी म्हणालो नव्हतो."
हे मात्र खरं.
त्यांनी पंधरा मिनिटं म्हटलं नसतं तर मी म्हणालो असतो का? नसतो. पण हे लिहून काय

१७ मे, रविवार
लिहिलं. एक पान. "हवालदार या नात्याने मी गाडी झऱ्यावरून नेण्यास सांगितले. वाडीचा पाणवठा फुटला. दुरुस्ती अपुरी आहे." पंधरा मिनिटांच्या हुकमाचंही लिहिलं. तीनदा खोडून मग ठेवलं.
मे. सा. नी उभ्यानं वाचलं, घडी घातली, खिशात ठेवली.  
पवार म्हणाला, "झेरॉक्स काढून ठेवायला पाहिजे होती." माळावर कुठली झेरॉक्स.

१९ मे, मंगळवार
घरी. दोन ट्रॅक्टर तसेच. एकाचा गिअरबॉक्स मेहुण्यानं उलटा बसवलाय. दिवसभर तेच. नंदाला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "सही केली असती तर पाणी परत आलं असतं का?" नाही. "आणि नाही केली तर?" तरी नाही.
"मग?"
तिला राग आला होता. मलाही. कुणाचा, ते ठरवता आलं नाही.

२२ मे, शुक्रवार
युनिटमधून क्लार्कचा फोन. सोमवारी अकराला हजर राहा, गणवेशात. कशासाठी, विचारलं. "मला फक्त निरोप द्यायला सांगितलंय."
कागद पुढं गेला असेल, तर त्यासाठी. नसेल गेला, तर त्यासाठीच.

२४ मे, रविवार
सिमेंटचं पोतं मोटरसायकलला बांधून वर गेलो. आबा नव्हते. म्हशी घेऊन वेल्ह्याकडं पाव्हण्यांच्या वाडीवर गेलेत, पाऊस पडेपर्यंत. या वयात, चालत. घरी सगुणा आणि शेळ्या.
"पाणी किती येतं?"
"सकाळचा एक हंडा भरतुया. दुपारचं काय न्हाई."
म्हणालो, सिमेंट आणलंय, खाली नवी कोंडी बांधून देतो, दोन तासांचं काम. ती चुलीकडं वळली. मग म्हणाली, "मामंजी सांगून गेल्यात. त्यो आला तर त्याला च्या द्या, पन झऱ्याला हात लावू दिऊ नगा."
चहा घेतला. शेळीच्या दुधाचा. पोतं परत बांधलं. उतारावर दोनदा सुटलं, दोनदा थांबून आवळलं.
गणवेश नंदानं इस्त्री करून दाराला टांगलाय. उद्या सातची एसटी.