कोरड्या चादरींची दोरी

४ सप्टेंबर, सोमवार
अंगणातली कपड्यांची दोरी तुटली. यांचे धुतलेले शर्ट मातीत. नवी आणणं म्हणजे उधळपट्टी. पॅसेजमध्ये खुंटीला सूनबाईची लाल पिशवी लटकते, तिच्यात पिवळी दोरी ठासून भरलेली. मजबूत, गुळगुळीत, आणि नुसती पडून. अर्धी कापून घेतली. उरलेली परत ठासली, तोंड आवळलं. कुणाला कळायचं नाही.

हे म्हणाले, अगं, तिला विचारलंस का. म्हटलं, घरातल्या घरात कसलं विचारायचं.

(गेल्या महिन्यात तिने माझा स्टीलचा डबा न विचारता ओढ्यावर नेला आणि वाहून घालवला, ती गोष्ट वेगळी. डबा माझा होता. तिने तीनदा सॉरी म्हटलं. मी अजून विचार करते आहे.)

आजचा हिशेब. जमा: काटकसर. खर्च: काही नाही.

५ सप्टेंबर
दोरी फारच छान. जास्तीचे तुकडे खिडकीच्या पडद्याला आणि रद्दीच्या गठ्ठ्याला वापरले. रद्दीवाला गठ्ठा घेऊन गेलासुद्धा.

६ सप्टेंबर, बुधवार
जेवताना ओढ्याचा विषय निघाला. सूनबाई दातांची डॉक्टर. आठवडाभर लोकांच्या तोंडात बघते आणि सुट्टीला स्वतः त्या ओढ्याच्या तोंडात जाते. येत्या सतरा तारखेला म्हणे ‘पायऱ्या’ उतरायच्या. तिथे ओढा डोंगरावरून धोंड्याधोंड्यांतून जिना उतरावा तसा कोसळतो. वर्षभर त्याचीच तयारी चालली होती. त्यानंतर पाणी ओसरतं, मग थेट पुढचं वर्ष.

यांनी विचारलं, होडी उलटली तर? म्हणाली, बाबा, कयाक उलटली की आतूनच सुलटी करता येते, त्याची भीती नाही. भीती धोंड्यांची. मोठ्या धोंड्याच्या खालून पाणी जातं, माणूस जात नाही. अडकला तर काठावरून थ्रो बॅग फेकायची. दोरी हातात आली तर आली.

थ्रो बॅग म्हणजे गं काय, हे म्हणाले. ती म्हणाली, ती नाही का पॅसेजमध्ये, लाल.

हे माझ्याकडे बघायला लागले. मी मीठ आणायला उठले. मीठ टेबलावरच होतं.

उद्या सकाळी सांगून टाकायचं. त्यात काय एवढं.

७ सप्टेंबर
आज माझा उपास आणि मौन. मौनात कसं सांगणार. दूधवाल्याशी बोलले ते कामापुरतं.

देवासमोर बसून शांतपणे विचार केला. प्रत्येकजण आपली दोरी दुसऱ्यासाठी बाळगतो, असं ती काल जेवताना म्हणाली होती. म्हणजे आमच्या सूनबाईला धोकाच नाही. तिला काढायला दुसऱ्याची दोरी आहे, अख्खी. फार हलकं वाटलं.

दुपारी लक्षात आलं, दुसरापण कुणाच्या तरी घरचाच असणार. जप अर्धवट राहिला.

८ सप्टेंबर
सूनबाई आज लवकर घरी आली. अंगणात दोरी पिवळीधमक, उन्हात लांबून दिसते. धावत जाऊन सगळ्या चादरी भिजवल्या आणि वाळत घातल्या. वाचले.

नियम: आजपासून दोरी उघडी ठेवायची नाही.

९ सप्टेंबर, शनिवार
खेळाच्या सामानाच्या दुकानात गेले. तो म्हणाला, अशी दोरी मागवावी लागेल, या महिन्यात येणार नाही. मला बरं वाटलं, आणि बरं वाटलं म्हणून वाईट वाटलं. काकू, कुणासाठी हवी, असं विचारत होता. स्वतःसाठी, म्हटलं. त्याने मला आपादमस्तक न्याहाळलं आणि आदराने म्हणाला, आधी पोहायला शिका.

जमा: दोन्ही वेळची प्रार्थना. खर्च: खोटं एक, पण अनोळखी माणसाशी. अर्धं धरलं.

१२ सप्टेंबर
चादरी, पडदे, टेबलक्लॉथ, पाहुण्यांच्या उशांचे अभ्रे, सगळं धुऊन संपलं. पाहुणे कित्येक वर्षांत आलेले नाहीत. आज कपाटातल्या घडीच्या चादरी न भिजवताच वाळत घातल्या. पाणी वाचलं.

हे म्हणतात, सांगून टाक बाई, पाण्याचा तरी अंत बघू नकोस. ह्यांना काय जातंय सांगायला.

अंगणातली दोरी सोडून परत जोडावी असंही मनात आलं. पण मग रिकामे खांब बघून ती विचारणार, आई, दोरी कुठे गेली. नसते प्रश्न.

१४ सप्टेंबर
संध्याकाळी सूनबाई माझे हात हातात घेऊन बसली. आई, साबणाने किती फाटलेत हे, कशाला रोज एवढं धुता. पर्समधून क्रीम काढलं आणि स्वतः चोळून दिलं. बोटाबोटाला.

आत्ता सांगावं म्हटलं. तोंड उघडलंही. पण क्रीम लावताना असलं बोलणं बरं दिसत नाही.

१५ सप्टेंबर, शुक्रवार
मार्ग सापडला. मॅट्रिकला शिवणकामात पहिली आले होते ती उगाच नाही. यांचा जुना पट्ट्यापट्ट्यांचा पायजमा फाडला, पीळ दिला, उरलेल्या दोरीला दुहेरी गाठ मारून जोडला. टोकाला नाडी. कापड जुन्या काळचं आहे, तुटायचं नाही. दाराच्या कडीला बांधून ओढून पाहिलं. कडी निघून आली.

पिशवी आता पूर्वीसारखी गच्च दिसते. देवापुढे दिवा लावून दाखवली.

जमा: पुष्कळ. खर्च: एक पायजमा.

१६ सप्टेंबर
झोप नाही. पायजमा पाण्यावर तरंगतो का? बादलीत बघितलं असतं, पण तो आता पिशवीत. गाठ सोडून काढवत नाही.

मी पण उद्या येते, म्हटलं. काठावर नामस्मरण करीन. सूनबाईला इतका आनंद झाला की मला बघवेना. म्हणाली, आई, तुम्ही बघायला याल असं कधी वाटलंच नव्हतं.

ठरलं. उद्या गाडीत सांगायचं. गाडीत कुणी उठून जाऊ शकत नाही.

१७ सप्टेंबर, रविवार, संध्याकाळ
गाडीत नाही सांगितलं. ती गुणगुणत होती.

ओढा बघितला. धोंडे घराएवढे. पाणी त्यांच्यावर आपटतं, पांढरं होतं आणि खाली कुठेतरी गडप होतं. आवाज असा की माझंच नामस्मरण मला ऐकू येईना.

त्यांची एक रीत आहे, ती घरी कुणी मला सांगितली नव्हती. पाण्यात उतरण्याआधी प्रत्येकाने आपली पिशवी शेजारच्याला द्यायची. त्याने सगळी दोरी बाहेर काढून, हात फिरवून, पुन्हा भरायची. आपली आपण तपासायची नाही. सूनबाईची पिशवी त्यांच्या कॅप्टनबाईंकडे गेली. शाळेत पीटी शिकवतात.

पिवळी दोरी आली, येत राहिली. मग गाठ आली. मग पट्टे आले. शेवटी नाडी.

कुणी हसलं असतं तर बरं झालं असतं.

ही कोणाची, असं कॅप्टनबाईंनी विचारलं. मी पुढे झाले, ओठ हलवले. सूनबाईने आधी पायजम्याकडे पाहिलं, मग माझ्या हातांकडे. आणि म्हणाली, माझी. चूक माझीच, घरून बघून निघायला हवं होतं.

दोरी नाही तर उतरायचं नाही. बाकीचे गेले. ती हेल्मेट मांडीवर घेऊन माझ्याशेजारी धोंड्यावर बसली. एकेक कयाक दोन धोंड्यांच्या फटीत नाहीशी व्हायची, की ही श्वास धरायची. पलीकडे बाहेर आली, की सोडायची. सगळे सुखरूप उतरले. मी एकदाही देवाचं नाव घेतलं नाही, सुचलंच नाही.

परतीच्या वाटेवर ओढा दिसेनासा होईपर्यंत ती गाडीच्या आरशात बघत होती. मग म्हणाली, म्हणून त्या चादरी होय. आणि थोड्या वेळाने, रस्त्याकडे बघतच, आई, तुमचा डबा, माझी दोरी. फिटंफाट करायची का?

एवढं सोपं करून दिलं तिने. नुसतं हो म्हणायचं होतं.

मी म्हटलं, डब्याला झाकण होतं.

१८ सप्टेंबर, सोमवार
चादरी उतरवल्या, घड्या करून कपाटात ठेवल्या. दोरी उघडी आहे. स्वयंपाकघराच्या खिडकीतून सारखी दिसते.

सूनबाई दवाखान्यात जाताना क्रीमची ट्यूब माझ्या चहाच्या कपाशेजारी ठेवून गेली. संध्याकाळी आली की लगेच सॉरी म्हणायचं, दारातच, चप्पल काढायच्या आत.

हिशेब आज मांडला नाही.

संध्याकाळ. ती आली. दमली होती. उद्या.

हे सकाळपासून पट्ट्यांचा पायजमा शोधताहेत. धुवायला टाकलाय, म्हटलं.