सुजयला आणायला

सेक्टर २६, नोएडा
४ फेब्रुवारी १९९५

ती. कुमुदताईस,
धाकट्या भानूचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र आणि संक्रांतीचा हलवा पोचला. उत्तराला उशीर झाला, कारण काय लिहावं तेच सुचत नव्हतं.

लीड्सहून पत्र आलंय. सुजयचं नाही, त्याच्या घरमालकिणीचं. तुमचा मुलगा चार महिने खोलीबाहेर पडलेला नाही, कॉलेजात जात नाही, दाराशी ठेवलेलं जेवण कधी घेतो, कधी तसंच राहतं, असं तिने लिहिलंय. आमचा पत्ता तिला न उघडलेल्या पत्रांवर सापडला. म्हणजे माझ्याच पत्रांवर, ताई. मी बूथवरून दोनदा फोन केला. दोन्ही वेळा ती वर जाऊन आली आणि तो येत नाही म्हणाली.

ह्यांनी पत्र वाचलं, घडी घातली आणि पोरगा अभ्यास करतोय, त्या बाईला काय कळतंय, म्हणाले. आर. के. पुरमच्या सगळ्या जुन्या शेजाऱ्यांना मुलगा डॉक्टरेट करतोय म्हणून सांगून झालंय ना! आपण जाऊ या का विचारलं, तर उठून बाल्कनीत गेले.

मग मीच जाते, म्हटलं. बोलून तर गेले. सव्वीस वर्षं दिल्लीत काढली, पण एकटी कधी मिरजेलासुद्धा आले नाही. आता पासपोर्टचा फॉर्म समोर आहे. त्यात शरीरावरची खूण विचारलीय. तू झोपाळ्यावरून ढकललंस तेव्हाची कपाळावरची लिहिली.

काय करू ते लिही. तुझी माया आहेच, तिला थोडा धीरही जोड.

तुझी भानू


मिरज
१५ फेब्रुवारी १९९५

चि. सौ. भानूस,
अनेक आशीर्वाद.

जा. नरसिंहराव येवोत न येवोत, तू जा. झोपाळ्याचा गुन्हा सरकारदरबारी नोंदवलास हे बरंच केलंस.

आता पुढचं वाचून माझ्यावर खुशाल रागाव. गेल्या गणपतीत सुजयचं मला पत्र आलं होतं. मावशी, काही दिवस तुझ्याकडे येऊन राहू का, बाबांना कळवू नकोस, एवढंच. मी जन्मभर मुख्याध्यापिका, तसंच उत्तर दिलं. हाती घेतलेलं आधी पुरं कर, मग हवं तर महिनाभर राहा. त्यानंतर त्याचं पत्र नाही. मला वाटलं, लागला अभ्यासाला. त्याने सांगू नकोस म्हटलं म्हणून तुला सांगितलं नाही, असं लिहिणार होते. पण तेही खरं नाही. मला त्यात विशेष काही वाटलंच नव्हतं.

आता रोज ते पत्र काढून बघते. अक्षर किती बारीक झालं होतं! मुलांची अक्षरं तपासण्यात माझा जन्म गेला, आणि हे मला दिसलं नाही.

जमलं तर माया राहू दे.

कुमुद


नोएडा
९ एप्रिल १९९५

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

मध्ये लिहिलं नाही, ते मुद्दामच. पंधरा दिवस तुझा राग राग केला. मग लक्षात आलं, तो तुझ्याकडे येऊ का म्हणाला, माझ्याकडे नाही. राग तुझ्यावर नव्हताच.

पासपोर्ट आला. व्हिसाच्या वेळी मुलाचा पदवीदान समारंभ आहे असं सांग, म्हणून ह्यांनी बजावलं होतं. खिडकीपलीकडच्या बाईला मी तेच सांगितलं. तिने समारंभाची तारीख विचारली आणि मला रडूच फुटलं. मग मोडक्या इंग्रजीत सगळं खरं सांगून घरमालकिणीचं पत्र पुढे केलं. व्हिसा मिळाला.

वरच्या मजल्यावरची वृंदा कंपनीच्या कामासाठी दोनदा जर्मनीला जाऊन आलीय. ती रोज संध्याकाळी माझी तालीम घेते. ती विमानतळावरची अधिकारी, मी प्रवासी. काल गडबडून मी हिंदीत सुरू झाले, तर म्हणाली, काकू, तिथे ऑटोवाल्याशी भांडायचं नाहीये! बऱ्याच दिवसांनी हसले, आणि लगेच लाज वाटली.

ह्यांनी तीन आठवडे अबोला धरला होता. परवा सकाळी एक फाइल हातात दिली. सगळे पत्ते, फोन नंबर, बस कुठे बदलायची, सगळं मोठ्या अक्षरांत टाइप केलेलं. मी म्हटलं, अजूनही चला. म्हणाले, मला त्याला तसं बघवणार नाही. आणि खुर्चीत बसून रडले. लग्नाला एकतीस वर्षं झाली, पहिल्यांदाच पाहिलं.

विमान २१ तारखेला आहे. देवापाशी दिवा लाव, आणि मला जवळची मान.

भानू


लीड्स
२७ एप्रिल १९९५

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पोचले. वाटेत काही चुकलं नाही. एवढ्या भीतीचं काय करायचं होतं कोण जाणे.

सुजयने दार उघडलं. ओळखला तो उंचीवरूनच. छातीपर्यंत दाढी, मनगटं काडीसारखी. मला बघून घाबरला. बाबा खाली आहेत का, एवढंच विचारलं. नाहीत म्हटलं, तरी जिन्याकडे बघत राहिला. मग दार लावून घेतलं. मी पायरीवर बसून राहिले. घरमालकीण चहा देऊन गेली. दुपार टळल्यावर कडी वाजली आणि दार अर्धवट उघडलं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर आले. आता तो हॉस्पिटलमध्ये आहे. महिने लागतील म्हणतात. पूर्वीसारखा होईल असं मात्र कुणी म्हणत नाही. मी शेजारी बसते, तो भिंतीकडे तोंड करून पडून असतो. घरी चल म्हटलं, तर उशीत डोकं खुपसलं. माझं परतीचं तिकीट २० मेचं आहे. मी त्याला आणायला आले होते, ताई. एकटीच परतणार असं दिसतंय.

आज डॉक्टरांनी मला खोलीत बोलावलं. माझ्यासाठी अगदी हळू बोलत होते. लहानपणी सुजय कसा होता, कशाने हसायचा, कशाला भ्यायचा, असं विचारलं. मी सांगायला लागले. पाचवीत पहिला, सातवीत स्कॉलरशिप, दहावीला ब्याण्णव टक्के. डॉक्टर पेन हातात धरून थांबले होते. ते यातलं काहीच लिहून घेत नाहीयेत, हे माझ्या लक्षात आलं. मी खूप आठवून पाहिलं. दुसरं काही आलंच नाही.

तुला त्याचं काही आठवत असेल तर लगेच लिहून पाठव.

भानू