तीन ताटं कमी

प्रिय नुरिसताई,

टिटो ड्रायव्हर हे पत्र तुझ्या हातात देईल आणि सोबत एक पत्र्याचा डबा. डबा उघडू नकोस. आधी हे वाच, आणि तेही कोपऱ्यावरच्या दुकानात उभी राहून नाही. घरी जा, दार लोटून घे. फोन का नाही केला म्हणून तू चिडशील, मला माहीत आहे. अगं, तुझा फोन म्हणजे गल्लीची चावडी. मी हॅलो म्हणायच्या आत तीन डोकी मध्ये घुसून विचारतात, "काय म्हणतोय आपला पिचर?" आणि तुझ्या लेकाचे, एलियरचे मेसेजही त्याच फोनवर येतात. शिवाय तुझा आवाज ऐकला की माझी जीभ टाळ्याला चिकटते, हे काय आजचं आहे? आई गेली तेव्हासुद्धा मी तुला धड सांगू शकले नव्हते. कागदावर मी त्यातल्या त्यात धीट आहे.

तर ऐक. काल शनिवारी फाउस्तोने, म्हणजे आमच्या बेसबॉल अकादमीच्या मॅनेजरने, स्वयंपाकघराच्या दारावर चिठ्ठी चिकटवली. सोमवारी दुपारपासून एक्केचाळीस ताटांऐवजी अडतीस. बस, एवढंच. नावं तो कधीच लिहीत नाही. अकरा वर्षं मी इथे रांधते आहे, अशा चिठ्ठ्या किती पाहिल्या देव जाणे, पण अजून प्रत्येक वेळी मी आकडा दोनदा वाचते. सोमवारी नाश्ता झाला की पोरांना एकेक करून ऑफिसात बोलावतात आणि सांगतात, तुझं इथलं संपलं, बॅग भर. पोरांना तेव्हा कळतं. मला दीड दिवस आधी, आणि तेही नुसता आकडा. कालपासून मी एक्केचाळीस तोंडांना वाढते आहे आणि प्रत्येक तोंडाकडे बघून मनात म्हणते, तू? का रे बाबा, तू?

पोरंही काही दूधखुळी नाहीत. मला बातमी असते हे त्यांना पक्कं ठाऊक. भिंतीशी रचलेली ताटं ती तिरक्या डोळ्याने मोजतात. म्हणून मी नेहमीच सहा-सात जास्तीची ताटं रचून ठेवते. कुणी मोजली तरी हिशोब लागू नये. काल एक आगाऊ पोरगं मला म्हणतं, "बेल्किसमावशी, आज मिठाकडे लक्ष नाही तुमचं. किती जण जाणार?" मी चमचा उगारला. हसत पळालं.

आपला एलियर त्या तिघांत आहे का, हेच तुला हवं आहे ना? सांगते. पण माझ्या पद्धतीने सांगू दे, नाहीतर मी अर्ध्यातच कागद फाडीन.

दोन वर्षांपूर्वी तू त्याला घेऊन आलीस तो दिवस आठवतो? सतराचं कार्टं, नुसती हाडं, आणि हात मात्र गुडघ्यापर्यंत. तू मला बाजूला घेऊन म्हणालीस, "बाकी सगळं ते लोक बघतील, पण याच्या पोटाकडे आणि याच्या जिवाकडे तू बघ." मी हो म्हणाले. मोठ्या तोऱ्यात हो म्हणाले. पोटाकडे मी बघितलं, ताई, त्यात मी कुणाला हार जाणार नाही. सकाळी ठेचलेल्या केळ्याच्या मांगूवर त्याला तीन अंडी, बाकीच्यांना दोन. वर्षात सात किलो चढला. दुपारचा सराव झाला की तो मागच्या दाराने यायचा, उलट्या क्रेटवर बसायचा आणि भाताच्या कढईला लागलेली खरवड सुरीने खरडून खायचा. घरी तुम्ही दोघं मायलेक तिच्यावरून मारामारी करायचात म्हणे. इथे ती सगळी त्याची. आणि खाता खाता मला आकडे सांगायचा. मला शाळेत पाढे आले नाहीत, पण एक्केचाळीस पोरांच्या चेंडूंचे वेग मला तोंडपाठ आहेत. आपला आला तेव्हा ताशी सत्त्याऐंशी मैल. बोटांची पकड बदलली, पायाची उडी बदलली, एक्याण्णव. गेल्या उन्हाळ्यात त्र्याण्णव. पंच्याण्णवला पोचला की अमेरिकेला पाठवतात असं पोरं म्हणतात. ऑफिसवाले तसं कधी म्हणत नाहीत, पण पोरं म्हणतात आणि मीही म्हणायला लागले होते.

नाताळची सुट्टी संपवून तो परत आला आणि तिसऱ्या दिवशी माझ्या लक्षात आलं की हा डाव्या हाताने जेवतो आहे. विचारलं तर म्हणतो, "मावशी, दोन्ही हातांनी टाकता आला पाहिजे आता." मी हसले. मूर्ख बाई मी, हसले! मग एका सकाळी शर्टाचं वरचं बटण लावून दे म्हणून माझ्यापुढे उभा राहिला. एकोणीस वर्षांचा घोडा. तेव्हा मी त्याला धान्याच्या कोठीत ओढलं आणि खरं विचारलं. कोपर. आतल्या बाजूने. चेंडू सोडताना सुरी फिरल्यासारखं होतं म्हणाला. म्हटलं, चल, आत्ताच्या आत्ता लिसांद्रोकडे. लिसांद्रो आमचा फिजिओ, भला माणूस आहे. पण हा भिंतीला पाठ लावून उभा. इथल्या पोरांची एक म्हण आहे, ताई: जो टेबलावर चढला तो बसमध्ये चढला. टेबल म्हणजे फिजिओचं तपासायचं टेबल, आणि बस म्हणजे घरची. एकोणीस वर्षांचा दुखरा पिचर कोण पोसणार, लायनीत सोळाची पोरं उभी आहेत. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे इथलं पोरगं न् पोरगं जाणतं. त्याने मला आईची शपथ घ्यायला लावली. आपल्या आईची. आणि मी घेतली.

घेतली, कारण मलाही तेच हवं होतं. तुझ्या घराचा स्लॅब डोळ्यांसमोर आला, त्यातून वरच्या मजल्यासाठी बाहेर काढलेल्या सळ्या आल्या. तू त्यांना वाळत घातलेले कपडे अडकवतेस आणि म्हणतेस, "एलियर अमेरिकेला गेला की यांच्यावर भिंती चढतील." मी म्हटलं, थोडा दम धरू. रोज सकाळी नाश्त्याआधी कोठीचं दार लावून मी त्याचं कोपर गरम तेलाने चोळायला लागले.

आता पुढचं लिहायला हात उठत नाही. तेलाने भागेना, तेव्हा मी त्याला माझ्या गोळ्या दिल्या. माझ्या गुडघ्यासाठी डॉक्टरने लिहून दिलेल्या. आधी अर्धी, मग एक, सामन्याच्या दिवशी दोन. मार्चमधला तो शुक्रवार आठव. त्याने पंच्याण्णव टाकला, मी धावत जाऊन तुला फोन केला, तुझ्या गल्लीत फटाके उडाले, दुकानदाराने सगळ्यांना बिअर पाजली आणि तू फोनवर रडत होतीस. मीही रडत होते, तुला वाटलं आनंदाने. ताई, तो पंच्याण्णव मैल माझ्या गुडघ्याच्या गोळ्यांचा होता. त्याला दुखलंच नाही म्हणून त्याने हात सैल सोडला, आणि आत जे काही धरून होतं ते त्या दिवशी सुटलं असं लिसांद्रो म्हणतो. तुम्ही फटाके उडवलेत ते त्याचे. तुला दोष देत नाही, तुला काय माहीत होतं! माहीत मला होतं.

तरीही मी गप्प बसले असते. खोटं कशाला बोलू? धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी माझी गत. पण गेल्या मंगळवारी तो नेहमीसारखा येऊन क्रेटवर बसला. कढई नुकतीच उतरवली होती, कडा लालभडक तापलेली. डाव्या हाताने खरडत होता आणि उजव्या हाताने कढई धरली होती. फडक्याची घडी सरकली होती आणि करंगळी न् तिच्या शेजारचं बोट थेट लोखंडावर. मला आधी वास आला. वर बघते तर हा हसतोय! कुणाची तरी नक्कल करत होता, सांगत होता की अमका कोच कसा चालतो. चामडी भाजत होती आणि याला पत्ता नाही. मी किंचाळले, हात ओढून काढला, पाण्यात बुडवला. तो बोटांकडे बघत राहिला, जशी कुणा दुसऱ्याची असावीत. मग हळूच म्हणाला, "मावशी, ही दोन महिन्याभरापासून झोपलेली असतात. सांगू नकोस हं."

मी सांगितलं.

बुधवारी सकाळी बीन्स चुलीवर ठेवल्या आणि ॲप्रनसकट लिसांद्रोच्या खोलीत गेले. सगळं सांगितलं, गोळ्यांचंही. तो माझ्यावर ओरडेल असं वाटलं होतं, ओरडला असता तर बरं झालं असतं. नुसता चष्मा काढून पुसत बसला. त्याच दुपारी त्याने एलियरला टेबलावर घेतलं, गुरुवारी राजधानीला नेऊन फोटो काढले. आतला बंध फाटला आहे आणि शीर दबली आहे. असंच टाकत राहिला असता तर ती दोन बोटं कायमची गेली असती, पुढे पंजाच वळला असता. पिचर सोड, त्याला दाराची कडी लावता आली नसती.

आणि आपल्या पोराला काय वाटतं माहीत आहे? त्याला वाटतं, सोबतच्याच कुणीतरी चुगली केली. गुरुवारी संध्याकाळी माझ्याकडेच आला, माझ्याच क्रेटवर बसला, माझ्याच खांद्यावर डोकं टेकून रडला. म्हणाला, "मावशी, ज्याने सांगितलं तो सापडू दे, त्याचे दात त्याच्या हातात देतो. या सगळ्या जागेत माझं माणूस म्हणजे तू एकटी." मी त्याच्या डोक्यावरून हात फिरवत राहिले.

आता ती चिठ्ठी. ताटांच्या आकड्याखाली आणखी एक ओळ असते, शिदोरीची. जाणाऱ्या पोराला उपाशी धाडायचं नाही हा इथला नियम आहे, तेवढी माणुसकी आहे. जवळच्याला ब्रेड आणि चीज, लांबच्याला पूर्ण जेवण. कालच्या चिठ्ठीत लिहिलंय: दोन जवळच्या, एक लांबची. ताई, सध्याच्या एक्केचाळिसांत लांबचा म्हणावा असा एकच आहे. आपल्या नेबा गावचा. तुझा. उद्या दुपारी तो टिटोच्याच बसने निघेल आणि अंधार पडायच्या आत तुझ्या दारात उभा राहील. म्हणून हे पत्र आज, एक बस आधी. त्याच्या बॅगेत लिसांद्रोने दिलेला कागद असेल. ऑपरेशन ही अकादमी चालवणारा क्लबच करून देणार आहे, जूनच्या बाराला, राजधानीत. दीड वर्षाने हात पुन्हा हात होईल, पुढचं देवमातेच्या मर्जीवर. पण तोवर एकही चेंडू टाकायचा नाही, टाकला तर क्लब हात झटकेल. तो कागद आधी काढून घे, त्याला फाडू देऊ नकोस. आणि चिचोला उंबरा ओलांडू देऊ नकोस. त्याने पोराला लहानपणापासून शिकवलं, कबूल, पण तो परवाच येईल आणि म्हणेल, एक इंजेक्शन मारू, दुसऱ्या क्लबला दाखवू, कुणाला कळतंय. तू सळ्यांकडे बघशील आणि तुझंही मन डळमळेल, जसं माझं डळमळलं. तेव्हा त्याची ती दोन बोटं हातात घे आणि सुईने टोच. त्याच्या तोंडाकडे बघ. मग चिचोला काय सांगायचं ते तुझं तुलाच कळेल.

एलियर आला की त्याला आधी हातपाय धुऊ दे. मग हे पत्र त्याला मोठ्याने वाचून दाखव, गोळ्यांचं आणि चुगलीचं काहीही न गाळता. उद्या तो ऑफिसातून बाहेर येईल, मी त्याच्या हातात शिदोरी देईन, त्याच्या तोंडावर मला हे सांगता येणार नाही. वाचून झालं की डबा उघडून त्याच्यापुढे ठेव. आजच्या कढईची खरवड आहे, सगळी, मी कुणाला हात लावू दिला नाही. त्याने खाल्ली तर ठीक, नाही खाल्ली तर आग्रह करू नकोस. डबा मात्र टिटोबरोबर परत पाठव. आत काय आहे हे मी त्याला विचारणार नाही. हातात घेतला की वजनावरून मला कळेल.

तुझीच, शपथ मोडलेली धाकटी,
बेल्किस