ताटलीभर उजेड

३ नोव्हेंबर
सांगलीहून एसटीने रत्नागिरी. अंग पार खिळखिळं झालं, पण मांडवीतली ही माडीवरची खोली बघितली आणि शीण गेला. खाली घरमालकीण येसूकाकी आणि त्यांचे यजमान भागोजीकाका राहतात. काकांचीच होडी मी कामासाठी ठरवली आहे. काकींनी आल्या आल्या बांगडा वाढला आणि मी काटे काढत बसले तशा गालात हसत राहिल्या.

काम झकास आहे. खाडीच्या पाण्यात खत भरपूर, तरी डोळ्यांना न दिसणारं ते बारीक शेवाळ वाढत का नाही? माझ्या पीएचडीच्या सरांच्या मते गाळामुळे. उजेड खाली पोचत नाही, म्हणून ते उपाशी राहतं.

५ नोव्हेंबर
पाणी किती गढूळ ते मोजायला काळी-पांढरी ताटली दोरीने सोडायची आणि ती कुठे दिसेनाशी होते ते बघायचं. चाळीस सेंटिमीटरला गायब! त्याखाली भर दुपारी मिट्ट काळोख. भागोजीकाका म्हणाले, काय गो बाय, ताट मांडलंस, आता जेवायला कोन येनार? मी पोट धरून हसले.

उद्या तळाशी दिवा सोडणार, उजेड मिळाल्यावर शेवाळ वाढतं का ते बघायला. काका नको म्हणाले. खाडीच्या मध्यावर इथे कुणी बॅटरीसुद्धा पाण्याकडे धरत नाही म्हणे. मीच हट्टाला पेटले. शेवटी तयार झाले बिचारे.

१० नोव्हेंबर
चार दिवसांनी दिवा वर काढला. हिरवागार! दोरीवर बोटभर जाड थर. मी आनंदाने ओरडणार, तोच खालून कुणीतरी दोरीला हिसका दिला. काकांचा तळवा हाडापर्यंत सोलला. होडीत रक्तच रक्त. दोरी सोडवताना माझाही डावा अंगठा कापला. दोघांनाही टाके पडले.

१२ नोव्हेंबर
काकांची जखम हिरवी झाली आहे. डॉक्टर म्हणाले बुरशी आहे, ऊन द्या. काका सकाळपासून अंगणात उन्हाकडे तोंड करून बसलेत, जेवण नको म्हणतात. काकी हाताला धरून सावलीत आणायला गेल्या, तर त्यांनी काकींचं मनगट काडकन मोडलं. तीस वर्षांत त्यांनी बायकोवर आवाज चढवला नव्हता. मला माझीच लाज वाटते.

१३ नोव्हेंबर
शेजारच्या दीपेशने आणखी दोघांना घेऊन काकांना पडवीच्या खोलीत कोंडलं. काकांनी त्याचा कान दातांनी तोडला. मग वर चढून नुसत्या नखांनी कौलं उचकटली — नखं तिथंच राहिली. तोंडावर ऊन पडलं आणि गालाची कातडी फाटली. आत हिरवे तंतू, सगळे सूर्याकडे वळलेले. धावत जाऊन खाडीत उडी मारली. वर आले नाहीत.

दिवा मी सोडला होता. मी.

१४ नोव्हेंबर
अंगठा हिरवा. पण औषध मला ठाऊक आहे — उजेड द्यायचाच नाही. गाळ इतकी वर्षं हेच करत होता. खिडक्यांना गोधड्या, दाराला आतून कडी. मोबाइलच्या उजेडात मिनिटभरच लिहायचं.

१५ नोव्हेंबर
कोपरापर्यंत चढलंय. मी मोबाइल बंद करते, डावा हात चालू करतो. उशीखाली दाबून धरला, तर उशी फाडली. मग माझी मांडी —

१६ नोव्हेंबर
उतरतंय! पुन्हा मनगटापर्यंत आलं. अजून दोन दिवस. आई, मी घरी येणार —

१७ नोव्हेंबर
दाराशी काकी. एका हाताने ताट सांभाळत जिना चढल्यात. तीन दिवस तुझ्या पोटात काही नाही, उघड म्हणतात. फटीतून उन्हाची रेघ येते —

जा म्हणून ओरडले. रडतायत. जात नाहीत. त्यांचा एक हात तरी धड आहे, देवा —

कडी वाजतेय. मी काढत नाही. उजव्या हातात पेन आहे. डावा —

काकी ताट मांडू नका, पळा, प