सहभागी क्रमांक सात

मुंबई, ८ फेब्रुवारी २०२५

ती. आजीस,
दीपिकाचा शि. सा. न. वि. वि.

माझ्या एम. एस. डब्ल्यू.चा शोधनिबंध संपत आला. मासेमार घरांतल्या मुलींनी शाळा का सोडली, त्यावर आहे. दिवाळीत तुझी मुलाखत घेतली होती, आठवतं? मथुराआत्याची शाळा सातवीनंतर का सुटली असं विचारलं तेव्हा तू म्हणालीस, पोरीलाच आवड नव्हती. मॅडमना ते फार पटलं. माझा निष्कर्षच त्यावर उभा आहे. ते छापायला तुझी परवानगी हवी. सोबतच्या कागदावर अंगठा उठव आणि वीस तारखेच्या आत धाड. तुझं नाव कुठेच नाही. तू 'सहभागी क्रमांक सात' आहेस. आत्याला नमस्कार.

त्रास देते म्हणून राग नसावा, लोभ मात्र दुप्पट असावा.

तुझी दीपिका

देवबाग, १३ फेब्रुवारी २०२५

चि. दीपिका हिस काशीबाईचे पोटभर आशीर्वाद.

इकडे सर्व ठीक. गुडघे दुखतात, ते निबंधात घालू नको. घरात मी पहिली आणि तुझ्या कागदात सातवी. बरं शिकवतात गो तुला. नाव लपवलंस म्हणे, पण अंगठ्याच्या कागदात 'बांगडे मोजताना गिऱ्हाइकाशी भांडणारी वृद्धा' असं लिहिलंयस. तेवढ्यावर मला देवबागातला कुत्रासुद्धा ओळखील.

पत्र मथुराने वाचून दाखवलं. पोरीलाच आवड नव्हती, हेही तिनेच वाचलं, आवाज न बदलता.

अंगठा उठवला नाही. मी खोटं बोलले. तू विचारत होतीस तेव्हा ती ओट्यावर सुंगटं, तुमची मुंबईची कोलंबी, सोलत बसली होती. तिच्यादेखत खरं सांगायची लाज वाटली. आणि तूही तिला सोडून मलाच विचारलंस.

आता खरं लिहून घे. आवड तिला होती. सातवीत वर्गात दुसरी आलेली. मी पहाटे मासे घेऊन मालवणच्या बाजारात जायची. तुझ्या बापसाला, सत्यवानाला, जेवूखाऊ घालून शाळेत धाडायला घरात कोणी हवं होतं. तिचं दप्तर मी माळ्यावर टाकलं. आठ दिवस ती एकच म्हणत होती, "आये, माका शाळेत जावंदे." नवव्या दिवशी गप्प झाली. त्या गप्प बसण्याला मी चाळीस वर्षं 'आवड नाही' म्हणत आले.

हे तिच्याच हातून लिहून घेतेय. दुसऱ्या कुणाला सांगून लिहवलं असतं तर पुन्हा तिच्या पाठीमागेच बोलल्यासारखं झालं असतं. आत्ता थांबलीय, पेन चालत नाही म्हणते. चालतंय. अक्षर कळत नाही मला, शाई दिसते.

चुकलं माझं. तुझा निष्कर्ष मोडला तर दुसरा बांध. बापसाशी भांडू नको, तो आठ वर्षांचा होता.

पूर्वीइतकाच जीव लाव, जमलं तर.

तुझी आजी

ता. क. गो दीपिका, मी मथुराआत्या. आयेने सांगितलं ते सगळं लिहिलं. चुकलं माझं, असं मात्र ती तीनदा म्हणाली. तुझ्या निबंधाला एक पुरे, म्हणून एकदाच लिहिलंय. बाकीची दोन मी ठेवली.