सीटची खाच

चि. तिलक यास,

मी, रामलाल तुरकर, बी.कॉम., तुझा बाप आणि तुझ्या पिकअपच्या कर्जाचा जामीनदार, गाडीबाबतचा निर्णय कळवण्यासाठी लिहीत आहे. तुझ्या निधनानंतर आठ महिने हप्ते मीच भरले. आज ती देऊन लहान गाडी घ्यावी, म्हणून गोंदियाच्या शोरूममध्ये नेली.

तिथला गाडी तपासणारा हसला. "काकाजी, पाठीशी उशी लावून चालवून राहिले? सीट समोर काऊन नाही घेत?"

मी उत्तर देण्याआधीच त्याने सीट पुढे ओढली.

तुझ्या लांब पायांच्या मापाची ती सीट मी एकदाही हलवली नव्हती. व्यवहार मोडून गाडी परत आणली; आता ती विकणार नाही. सीट मागे सरकवली, परंतु ती नेमकी कोणत्या खाचेत होती, हे मी कधी मोजलेच नव्हते.

रामलाल तुरकर
मुर्री, १४ नोव्हेंबर २०२४